पाच शतांश

एयबारच्या उतारावरच्या आमच्या घरात
सपाट अशी एकच जागा :
स्वयंपाकघरातलं टेबल.
त्याच्या कडेला मी व्हाइस आवळलाय,
जबड्यात ॲल्युमिनियमचे दोन तुकडे,
पोलादावर व्रण उमटू नयेत म्हणून.
आणि मधे ती पट्टी,
जिची खालच्या मजल्यावरच्या गार्बिन्येच्या शिवणयंत्रासाठी
सरकती ठोकळी करायची आहे.
यंत्राची कंपनी कधीच बुडाली. सुटा भाग मिळत नाही.
रुंदी हवी आठ मिलिमीटर.
वर केसभरही नको.

माझा बाप, फेरमिन, खिडकीशी बसून ऐकतो.
मोतीबिंदूमुळे व्हर्निअरच्या रेषा त्याला आता दिसत नाहीत,
पण कानस कुठं बिघडते ते कळतं.
"डोलतेय, नेकाने," तो म्हणतो,
"मधे पोट राहील, कडा पडतील."

मी मोजते.
या टोकाला आठ पॉइंट दहा, त्या टोकालाही तेवढंच,
मधे आठ पॉइंट वीस.
पोट आहेच.

मग तिरकी घासते, मग उलटी तिरकी.
ओरखडे एकमेकांना छेदतात
आणि जिथं छेदत नाहीत तिथला उंचवटा आपोआप उघडा पडतो.
कडेची कुसळं आधी काढायची,
नाहीतर कॅलिपर कुसळाचंच माप सांगतो
आणि आपण ठोकळीचं समजून बसतो.
जबडे दाबायचेही नाहीत. नुसते टेकवायचे,
झोपलेल्या माणसाला ताप आहे का
हे बघायला हात टेकवतो तसे.
घासून पट्टी कोमट झाली की बाप थांबायला सांगतो.
आठ मिलिमीटरला त्यानं काय फरक पडणार,
मला माहीत आहे.
तरी थांबते. तेवढ्यात कॉफी होते.

संध्याकाळी आठ. नेमके आठ.
दोन्ही टोकांना, मधे, पुन्हा टोकांना.

ठोकळी घेऊन मी जिना उतरले.
गार्बिन्येनं यंत्राचं झाकण उघडलं, दिवा जवळ धरला.
ठोकळी खाचेच्या तोंडाशीच अडली.
तेल लावलं. अडली.
"जरा हातोडी?" गार्बिन्ये म्हणाली.
मी तिच्याकडे अशी पाहिलं असणार
की ती गप्प झाली.

वर आले. बापाला सांगितलं.
तो हसला नाही. हात पुढे केला,
कॅलिपर घेतला, जबडे मिटले,
आणि दिसत नसतानाही दिव्याकडे धरून म्हणाला, "बघ."

टोकाशी अंधार होता, जबडे घट्ट मिटलेले.
पण आत, मुळाशी,
तांदळाच्या दाण्याएवढी उजेडाची फट.

एकतीस वर्षं एकाच जागी एकच पिन,
पाळीला तीनशे, कधी चारशे.
पोलादानं पोलाद झिजवलेलं.
"तिथं धरलं की पाच शतांश कमी सांगतो," तो म्हणाला.
"मी मनात मिळवायचो."
"मला का नाही सांगितलंत?"
"मला वाटलं, तू बघशील."

आठ वर्षांची असताना त्यानंच शिकवलं होतं :
आधी जबड्यांत कागदाचा चिटोरा धरून ओढ, कीस निघेल,
मग मीट, मग उजेडाकडे धर.
कागद मी रोज ओढते.
उजेडाकडे धरला नव्हता.
बापाचं माप, त्यात कसलं पाप, असं काहीतरी
न बोलता धरून चालले होते.

आता टोकानं मोजते.
आठ पॉइंट शून्य पाच. मग शून्य चार.
सर्वांत बारीक कानस, दातांत खडू भरलेला,
एका दिशेनं, परत येताना उचलून.
बाप डोळे मिटून ऐकतोय.
मला वाटतं झोपलाय,
पण माझा हात थांबला की विचारतो, "किती?"

शून्य दोन.

बाहेर कुणी तरी मोटरसायकल चढावर रेटतंय.
ठोकळी गार व्हायला मी खिडकीच्या फळीवर ठेवते,
कॅलिपर पुसते,
आणि आतल्या खळग्यावरून नख फिरवते.
लागतो, अगदी थोडा.
मग पुन्हा मोजायला घेते. टोकानं.