पंधरा, सतरा

मिरजेत, दवाखान्याच्या तळघरात,
दिवे मालवून मी भिंगाला डोळा लावते.
काचेवर समडोळीचा सन्मती मगदूम, वय एकोणीस,
दात घासताना रक्त थांबेना म्हणून आलेला.

पंधराव्या गुणसूत्रावर तांबडा ठिपका,
सतराव्यावर हिरवा.
लांब लांब दिसायला हवेत.
इथं एकमेकांवर चढून पिवळे झालेत,
हळदीच्या वखारीतून तो आला तेव्हा
बाहीवर होता तो रंग.

दोन तुटक्या वाक्यांचं एक झालंय
आणि पेशी ते मन लावून वाचतेय.

निरोगी केंद्रकात हे प्रथिन थेंब धरून असतं,
दहा-वीस, आमटीवरच्या तेलासारखे.
जोडप्रथिनानं ते फोडले.
आता नुसता रवा,
आणि 'मोठी हो' असं जिथं लिहिलंय
तिथंच ठिय्या.
पेशी संख्येनं वाढतात, वयात येत नाहीत.

जिन्यात त्याची आई: काय दिसलं का, बाई?
डॉक्टर सांगतील. औषध आहे यावर,
एवढंच म्हणते मी.
नाव गिळते.
जिच्या घरी उंदरालाही कधी घातला नाही
तो सोमल,
उद्यापासून पोराच्या शिरेत,
थेंब थेंब,
रव्याचे पुन्हा थेंब होईस्तोवर.