दुवे

तीनशे बारा दुवे बांधले सहा महिन्यांत
आणि अमळनेरच्या मोतीलाल कापडेंचं खापर
शोधाच्या सातव्या पानावरून अकराव्यावर गेलं.

बोरीच्या पुलाजवळ, पतपेढीच्या वर माझी खोली.
वैशाख. रात्री अकरालाही भिंतीला हात लावता येत नाही.
लाइट जाते, येते,
राउटर हिरवा व्हायला चार मिनिटं घेतो.
तेवढ्यात मी मान पुसते आणि यादी उघडते.

एकेका दुव्यावर टिचकी.

पहिला: पत्त्यांचा जुगार, भाषा कुठली ते कळत नाही.
दुसरा: टायरचं दुकान, लिथुआनियातलं.
मग केस वाढवायचं तेल, कुत्र्यांचा शाम्पू,
मग एक पान, ज्यात नुसतेच दुवे,
कोणी कोणाला ओळखत नाही अशा लग्नाची पंगत.
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, मीच लिहून दिलेलं:
'अस्सल खान्देशी खापर, वाजवी दरात'.
एकशे ऐंशी वेळा, त्याच स्वल्पविरामासकट.
भाड्याने आणलेलं वऱ्हाडसुद्धा
इतक्या एका सुरात वाहवा करत नाही.

अकरा हजार दिले होते दुवे विकणाऱ्या पोराला.
अर्धे माझे.

सकाळी कापडेंकडे गेले. कबुली द्यायची होती.
भट्टी नुकतीच उघडलेली. राख झटकून ते
एकेक खापर कानाशी धरत, टिचकी मारत.
खण्ण वाजलं की डावीकडे.
बद्द वाजलं की उजवीकडे, काही न बोलता.
उजवीकडचा ढीग लहान नव्हता.
मी लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा काळा.
तरी सांगितलं, हा टायरवाला तुमचं नाव घेतोय.
त्यांनी मान वर केली.
"तो माले वळखस का?"
नाही.
"मंग मन्हं नाव कसाले ली राहिना?"

याचं उत्तर माझ्या कोर्समध्ये नव्हतं.

रात्री उरलेले दुवे वाजवत बसले.
बद्द. बद्द. बद्द.
दोनशे सातवा माझा नव्हता. त्याचे पैसे कुणी दिले नव्हते.
शिरपूरच्या मंदाकिनी देवरे, शाळेतल्या बाई.
आईचे मांडे लिहिलेत त्यांनी:
पुरण भरलेली पोळी मनगटापासून कोपरापर्यंत कशी फिरायची,
आणि खापरावर पडताना आई श्वास कसा धरायची.
शेवटी दोन ओळी.
'आई गेली त्याच वर्षी खापर तडकलं.
आता आणलंय ते इथलं.'
'इथलं' या शब्दाखाली निळी रेघ.

टिचकी मारली.
'हे पान सापडत नाही.'

पान मीच हलवलं होतं. माघात,
त्या पोराच्या सांगण्यावरून, पत्त्यात 'स्वस्त' हा शब्द बसावा म्हणून.
माघ, फाल्गुन, चैत्र.
बाईंच्या बोटाला धरून जेवढे आले
तेवढे भिंतीला डोकं लावून परत गेले
आणि मी त्या वेळात लिथुआनियात सोयरीक जमवत होते.

एक ओळ लिहिली,
जुन्या दारी आलेल्याला नव्या दारी आण.
सहा मिनिटांचं काम.
बाकीच्यांची वेगळी फाइल केली,
यांच्याशी आमचं नातं नाही, अशी,
आणि पाठवून दिली. सोडचिठ्ठीचे कागद याहून जाड असतात.

दुवा बांधायचा असतो असं मला शिकवलं होतं.
पण आपल्याकडे दुवा देतात.
देणारं माणूस असावं लागतं, आणि त्याचं काहीतरी
तुमच्यापाशी भाजून निघालेलं.

अजून अकरावंच पान आहे. परवा दहावं होतं, पुन्हा अकरावं.
एक निरोप मात्र आला, सुरतहून, उधन्यातून.
देवरे बाईंचं वाचलं. माहेर पारोळ्याचं.
इथे चूल नाही. खापर गॅसवर चालेल का?

मी तो कापडेंना वाचून दाखवला.
ते उठले, डावीकडच्या ढिगातून एक पातळ खापर काढलं,
वाजवलं. पुन्हा वाजवलं.
"तिले सांग," म्हणाले,
"पहिले आच मंद ठेव."