तीस सेकंदांत किती वेळा

थ्युबोरॉनच्या धक्क्यामागे, जुन्या मासळी-लिलावघरात
आता आठ खुर्च्या मांडतात.
मंगळवार, गुरुवार, सकाळी नऊ.
बिनहातांच्या खुर्च्या, धरायला काही नाही.

"हात छातीवर. उठा. बसा."
निरोशाचे आईबाप जाफन्याचे, ती इथलीच,
तिचं डॅनिश माझ्याहून स्वच्छ.
हातातलं घड्याळ मात्र निर्दय.

पहिल्या दिवशी तीस सेकंदांत मी सहा वेळा उठलो.
सहा.
चाळीस वर्षं उत्तर समुद्रावर
डुलत्या डेकवर उभा राहिलेला माणूस.

एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाला होता,
कूर्चा झिजलीय, हाडावर हाड.
ते शब्द मी घरी आणले, खाऊपिऊ घातले.
जिन्याला भ्यालो. मग पायरीला. मग उंबऱ्याला.
सायकल शेजारच्या पोराला देऊन टाकली.
जितकं कमी वापरीन तितकं जास्त टिकेल, म्हटलं.
सगळी अक्कल त्या एकाच गुडघ्यात गोळा झालेली.

निरोशा म्हणते, सांधा म्हणजे ब्रेकचं रबर नव्हे, प्रेबेन.
हलला की त्याला ओल मिळते.
दुखेल. दहापैकी पाचापर्यंत दुखू दे,
उद्या सकाळी उतरलं तर आपलं काही चुकलं नाही.
ती दुखण्याला आकडा देते,
आम्ही वाऱ्याला द्यायचो तसा.
पाचाच्या वाऱ्यात आम्ही जाळी टाकायचोच.

माझ्या डावीकडे इंगेलिसे. तिचे दोन्ही गेलेत.
बसताना दर वेळी शिवी हासडते,
उठताना गप्प.
पलीकडे निवृत्त पाद्री.
वेदीपुढे गुडघे टेकता येईनात म्हणून तो आलाय,
मी, टेकायचे नाहीत म्हणून.

सात आठवडे झाले.
चार किलो उतरले, तेही लोण्याशी रोज भांडून.
रात्री मलम, गोळी कधीमधी.
ऑपरेशनच्या यादीत नाव घालायचं का,
ते नोव्हेंबरात बघू.
एक्स-रे पुन्हा काढू का, विचारलं
तर म्हणाली, काढा, पण तसाच दिसेल.
बरं वाटलं. खोटं बोलली नाही.

आज बारा.
बाराव्याला खुर्ची करकरली की मी, कळलं नाही.

दुपारी शेजारच्या पोराकडे गेलो.
सायकल त्याने निळी रंगवलीय, भडक, अगदी वाईट.
परत नको रे, म्हटलं.
धक्क्याच्या टोकाला तो दिवा आहे ना,
तिथपर्यंत फक्त.
सीट जरा वर कर.