वळणावरचा माणूस

एकतीस वर्षं या वळणावर मी गिअर बदलला.
दिवसातून चार फेऱ्या,
तिसऱ्यावरून दुसऱ्यावर,
आणि नेमका तेव्हाच उजव्या खिडकीत
काटेरी वेलींतून वर आलेला
गंजक्या क्रूसाचा एक हात.
कधी थांबले नाही.
तिथे थांबा नव्हता.

निवृत्तीला डेपोने घड्याळ दिलं, केक कापला.
दुसऱ्या सकाळी त्या वळणावर
मी पहिल्यांदाच पायी गेले,
कोयता घेऊन.

वेली उपटण्यात तीन दिवस गेले.
चौथ्या दिवशी दगड लागला, पालथा,
वर्गात मार खाल्लेल्या पोरासारखा तोंड लपवून.
रोमुआल्ड पहार घेऊन आला.
तो थडग्यांचे दगड घडवतो;
बोलतो कमी, खोकतो जास्त.
म्हणाला, ब्रोन्या, तारेचा ब्रश लावलास तर हात तोडीन.
पाणी घे. मऊ कुंचला घे.
शेवाळ ओढून काढलं
की दगडाची कातडीही सोलून येते.

अक्षरं बोटांना लागत होती, डोळ्यांना नाही.
मग शेजारच्या तिमेकला
आईचा न्हाणीतला आरसा आणायला लावला.
पोराने आरसा धरला,
ऊन तिरकं होऊन दगडावर पडलं
आणि खाचांत सावली उतरली:
फेद.
पुढे टवका उडालेला.

फेदिर? फेदोर? फेद्को?
त्या हिवाळ्यात दोन्हीकडच्या सैन्यांत
या नावाची पोरं होती,
एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची.
याचा सम्राट कुठला
ते दगडाला सांगता येईना.

पाद्री म्हणाले, अंदाजाने पूर्ण करू या.
रोमुआल्ड म्हणाला,
मी अक्षर कोरतो. अंदाज नाही कोरत.
होती तेवढी अक्षरं त्याने खोल केली
आणि पुढची जागा घासून
तशीच मोकळी सोडली.

विन्सेंती तेवढा येईना.
त्याचं कुंपण अगदी लागून.
‘आमचं कोठार जाळलं, त्यांच्यातलाच असेल एखादा,’
म्हणायचा, आणि गाय पुढे हाकायचा.

एक नोव्हेंबर.
आमच्याकडे त्या रात्री
मेलेल्यांना कुणी अंधारात ठेवत नाही.
काचेच्या पेल्यांत दिवे, लाल, पिवळे;
चर्चमागची टेकडी फुंकलेल्या निखाऱ्यासारखी.
वळणावर आम्ही चौघंच.
बिगूल नाही. झेंडा नाही.
कुठला लावणार?
मला तर प्रार्थनाही धड आठवेना.
म्हटलं, माफ कर बाबा,
गाडीला उशीर झाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे उजेड हलला.
विन्सेंती. रविवारचा कोट,
हातात एकच दिवा.
बराच वेळ नुसता उभा.
मग दगडाशी नाही, आमच्याशीही नाही,
मधेच कुठेतरी बघत बोलला:

‘याचे बूट आमच्या आजोबांनी काढले.
बर्फ होतं. आजोबा बारा वर्षांचे, अनवाणी.
बोळे कोंबून घातले, पुढे बसायला लागले.
त्याच बुटांत ते लग्नाला उभे राहिले.
फाटले, तेव्हा त्या चामड्याची
घोड्याच्या लगामाला ठिगळं लावली.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं.
घरात कुणी बोललं नाही.’

आमचे दिवे आम्ही उशाशी ठेवले होते.
तो चालत दुसऱ्या टोकाला गेला,
कण्हत गुडघा टेकला
आणि आपला दिवा पायथ्याशी ठेवला.
वाऱ्याला दोन्ही तळव्यांचा आडोसा करून
बसून राहिला,
कुणाच्या तरी पावलांत
ऊब येईपर्यंत बसावं तसा.

साडेसातची गाडी आली, शेवटची.
नव्या पोराने गिअर जरा उशिराच बदलला.
गाडी गुरगुरली, जमीन थरथरली.
दिवे हलले.
विझले नाहीत.