अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा

दुपारचे अडीच. खिडक्या बंद,
तरी मिरकरवाड्याची खार आत येतेच.

"एक डोळा मीट," मी सांगतो,
"काट्याखाली आरसा आहे ना,
त्यातला काटा वरच्या काट्यामागे लपू दे.
मग वाच. आधी नाही."

बावीस वर्षं या ब्रिजवर
अज्ञात रोध एकच निघतो : अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.
जर्नलावरून जर्नल उतरतं,
मी लाल शाईने बरोबर म्हणत जातो.

अफशीन होडेकरने लिहिलंय एकशे तीन.
"पुन्हा घे."
पुन्हा एकशे तीन.
गॅल्व्हानोमीटर शून्यावर, गप्प,
भरती थांबते त्या घटकेच्या पाण्यासारखा.

मग तिनेच टर्मिनलचा स्क्रू सैल केला.
पितळेवर हिरवा कळंक.
नखाने खरवडत म्हणाली,
"आमच्या लाँचच्या बॅटरीला पण हेच येतं, सर.
मीठ."

शिवलकरांनी काचपेपर आणला, घासलं.
आता शंभर पूर्णांक नऊ.

म्हणजे अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा
कधी कुणी मोजलं होतं
मला आठवेना.

बाकीचे अकरा जण माझ्याकडे बघत होते,
हातात खोडरबर.