चोवीस पाव

मांस अर्धवट गोठलेलं असतानाच कापायचं,
हे एमेटनं शिकवलं होतं,
पीच स्ट्रीटवरच्या दुकानात तो तव्यापाशी उभा राहायचा तेव्हा.
पूर्ण वितळलं की ते सुरीखालून सटकतं,
पूर्ण गोठलं की सुरीच सटकते;
मधला अर्धा तास तेवढा आपला.

ईरीत सकाळपासून बर्फ,
सरोवराकडून आडवा येणारा.
दोनदा फावडं मारून झालं,
टीव्हीवरचा माणूस अजून सहा इंच म्हणतोय.
बोलावलेत वीस. येतील किती, देव जाणे.

बेकरीतल्या मुलीनं विचारलं, केकवर काय लिहू?
म्हटलं, नुसता एकचा आकडा.
अय्या, बाळाचा पहिला वाढदिवस!
हो, म्हटलं,
चौपन्न वर्षांचा आहे.

कांदे पाच, ढोबळी मिरच्या तीन.
कृतीत लिहिलंय, कांद्यात अर्धा कप बिअर.
मी हाडांचा रस्सा ओतला.
वूस्टर सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं
चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचली.
उगाच.
फ्रिजचा खालचा कप्पा, जो वर्षानुवर्षं त्याचा होता,
तिथे आता आल्याचा सोडा, चेरीचा सोडा,
आणि मागे एक लिंबू,
कधीचं आहे कुणास ठाऊक.

तव्यावर मांस चरचरलं,
आधी लाल, मग राखाडी, मग कडेकडेनं तपकिरी.
मीठ शेवटी. आधी घातलं तर पाणी सुटतं, म्हणायचा,
माणसाला सुटतं तसंच, म्हणायचा,
आणि हसायचा, आणि ग्लास उचलायचा.

मागचं दार वाजलं. तासभर आधीच आला.
बूट झटकले, ओट्याकडे पाहिलं,
आणि "आलो" वगैरे काही नाही,
"अगं, एकेक पाव काय सोडवत बसलीस?
सगळी लादी आडवी काप. एकदाच."
म्हणून लांब सुरी उचलली.

मी सुरीकडे पाहत नव्हते.
"तूही हाताकडेच बघतेयस," तो म्हणाला.
"सगळेच बघतात. बघ."
आणि कापत गेला, तळवा वरून दाबून,
सावकाश, करवतीसारखं.
शेवटी पातं जरा वर चढलं,
कोपऱ्यातल्या पावाचं टोपरं फाटलं.
तो तुकडा मी तोंडात टाकला. दोघंही काही बोललो नाही.

मग नेहमीसारखी भांडणं:
चीज खाली की वर? दोन्हीकडे.
लोण्यात लसूण किती? तू म्हणशील त्याच्या दुप्पट.
वर खसखस. इथली निळसर काळी,
बोटांना चिकटते, दातांत दिवसभर राहते.
फॉइल घट्ट, वीस मिनिटं;
मग फॉइल काढून पाच, पाव तांबूस होईस्तोवर.

आले अकराजणच.
शेजारच्या झिलिन्स्कीबाई बटाट्याचं पातेलं आणि पाठीचं दुखणं घेऊन.
कर्टिस, जो रात्री-अपरात्री त्याचा फोन उचलतो,
त्यानं सहा खाल्ले, उभ्यानंच,
आणि सातवा उचलताना चीजची तार
ताटापासून हनुवटीपर्यंत ताणली गेली, तुटेचना.
ताई, कात्री आणा, म्हणाला.
खसखस पिकली,
दातादातांत दिसत होती सगळ्यांच्या.

भाषण कुणी केलं नाही.
एमेटचा टाळू पोळला, त्यानं शिवी दिली,
झिलिन्स्कीबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

निघताना उरलेले दोन त्यानं फॉइलमध्ये बांधले.
कुणासाठी, मी विचारलं नाही.
गाडी वळणावर घसरली, सावरली, गेली.

अकराला फोन.
मी "पोचलास?" म्हणायच्या आत तोच:
"ओव्हन बंद केलास ना?"

इतकी वर्षं हे मी विचारायचे.
स्वयंपाकघरात गेले.
लाल दिवा चालूच होता.