ठिगळ

तहसीलच्या गोदामात, मतपेट्यांच्या मागे,
ती पडली होती घडी घालून,
नारिंगी, उंदरांच्या लेंड्यांसकट,
मांडव उठल्यावर विसरलेल्या सतरंजीसारखी.
नायब साहेब म्हणाले, हुसेन,
समुद्रावरची बोट आहे ही. जपून.

साहेब, समुद्राचं मला माहीत नाही.
शिरपूरच्या फाट्यावर सव्वीस वर्षं
लोकांच्या चाकांत हवा भरतो मी.
समुद्र सुरतेकडे आहे म्हणतात,
आमची तापी तिकडेच जाते,
सांगायला अजून माघारी आलेली नाही.
ही मात्र उलटी आली, ट्रकात बसून.

फुगवली तेव्हा गोदाम लहान पडलं.
कप्पे पाच. एक फुटला
तरी उरलेले चार तरंगवतात,
असं पुस्तकात होतं, चित्रासकट.
मी कान लावला.
डाव्या कुशीतून ती श्वास सोडत होती, बारीक,
झोपेत लेकरू पुटपुटतं तशी.
साबणाचं पाणी फिरवलं.
तीन बुडबुडे आले, मग चौथा, सावकाश.

कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं,
फुंकर मारून मनात शंभर मोजले.
ट्रॅक्टरच्या ट्यूबचं ठिगळ,
नारिंगीवर काळं कुळकुळीत.
कारकून म्हणाला, फार दिसतंय हे.
दिसू द्या.

थाळनेरचे भोई अशाच ट्यूबवर बसतात,
पाय पाण्यात सोडून जाळं टाकतात.
त्या ट्यूबा माझ्याच हातच्या.
एक सोडून सगळ्या परत आल्या.
त्या एकीवर सुकलाल भोईचा धाकटा होता.
सुकलाल मला काही बोलला नाही.
ठिगळाचे राहिलेले दहा रुपये
पुढच्या बाजारी आणून दिले त्यानं,
आणि मी ते घेतले.

श्रावणात हतनूरचे दरवाजे उघडले.
थाळनेरच्या खाली, पंपघराच्या छतावर,
मोटर बघणारा गुलसिंग पावरा,
त्याची बायको, सासू, तान्ही पोर.
रात्री अडीचला मला उठवलं, हवा भरायला.
अग्निशमनची दोन पोरं जॅकेट घालून तयार,
पण अंधारात धार ओळखणारा कोण?
सुकलाल आला. अनवाणी.

बॅटरीच्या उजेडात त्यानं बोटीवर हात फिरवला,
काळ्यावर थांबला.
"हाई ठिगय तुन्हं शे का रे?"
माझा घसा कोरडा. हा, म्हटलं.
"मंग ठीक शे."
आणि तो त्याच बाजूला बसला,
मांडी टेकवून, बरोबर त्याच्यावर.

मी काठावर उभा. हातात पंप.
इंजिनचा आवाज गेला, मग उजेड गेला,
मग नुसतं पाणी, कापसाच्या गाठी
कोणी ओढत न्याव्यात तसं, जड.
किती वेळ, विचारू नका.
मी शंभर मोजत होतो. पुन्हा शंभर.

उजाडता उजाडता आले. सातही जण.
सासूच्या ओच्यात एक कोंबडी,
तिची नोंद कुठल्याच कागदावर नाही.
कागदावर आहे: बोट सुस्थितीत,
किरकोळ दुरुस्ती, रुपये ऐंशी.

चौथ्या दिवशी घडी घालायला बोलावलं.
व्हॉल्व्ह उघडला, हवा तोंडावर आली,
माझ्याच पंपाची,
नदी बघून आलेली.

बाजारच्या दिवशी सुकलाल दुकानावर आला,
खांद्यावर ट्यूब.
"जरा देखी ले."
ट्यूब धड होती, हाताला कळत होतं.
तरी मी ती पिपात बुडवली,
बोटाबोटानं फिरवली,
सगळी, गोल,
दोनदा.